सशाचे मटण गावात विकायचे असेल, तर पिंजऱ्याआधी कत्तलीची जागा ठरवावी

विदर्भातील खेड्यांत ससेपालनाची चौकशी करणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न पिंजऱ्यांचा आणि जोड्यांचा विचारतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ससा तीन महिन्यांचा झाल्यावर तो कोणाच्या हातून, कोणत्या जागेत आणि कोणत्या नोंदणीखाली कापला जाणार, आणि त्या दिवशी कोणाच्या घरी शिजणार, हे ठरल्याशिवाय पहिला पिंजरा विकत घेऊ नये. मी स्वतः हे ठेच खाऊन शिकलो. पिल्ले परत विकत घेण्याच्या लेखी हमीवर मी एका विक्रेत्याकडून दहा माद्या आणि दोन नर घेतले होते. दोन वेळा त्यांची गाडी गावात आली, तिसऱ्या वेळी फोनच लागेना. कोठ्यात साठाच्या वर वाढलेली पिल्ले होती, रोजचा चारा चालू होता, आणि ती पिल्ले कापून विकण्याची ना परवानगी माझ्याकडे होती, ना जागा. ज्याच्या हातात स्वतःची विक्री नाही, त्याने ससे पाळू नयेत, असे तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने, म्हणजे कागदापासून सुरू करून पिंजऱ्यापर्यंत आणि तिथून मटणापर्यंत, लिहिले आहे.

पाळीव ससा आणि रानससा

पहिली गोष्ट प्राण्याच्या ओळखीची. आपल्या वावरांत, धुऱ्यांवर आणि झुडपी जंगलात दिसणारा रानससा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित प्राणी आहे. त्याला पकडणे, पाळणे, मारणे किंवा त्याचे मांस विकणे हा गुन्हा आहे. पाळीव ससा ही वेगळी प्रजाती आहे, तिचे शास्त्रीय नाव ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस, आणि अन्नसुरक्षेच्या मानकांत मांसासाठीच्या प्राण्यांमध्ये जिचा समावेश आहे ती हीच. मांसासाठी आपल्याकडे न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, व्हाइट जायंट आणि ग्रे जायंट या जाती पाळतात. ताडोबा, पेंच किंवा मेळघाटाच्या आसपासच्या गावांत राहणाऱ्या पालकाने हा फरक तोंडपाठ ठेवावा, कारण वनरक्षक कधीतरी दारात येणारच, आणि त्याने येऊन विचारणे योग्यच आहे.

त्याला दाखवण्यासारखा सर्वांत स्पष्ट पुरावा विणीच्या खोक्यात असतो. पाळीव सशाची पिल्ले उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली जन्मतात आणि आईने स्वतःच्या पोटावरून उपटलेल्या केसांच्या गादीत एकमेकांना चिकटून पडून राहतात. त्यांचे डोळे दहा ते बारा दिवसांनी उघडतात. रानसशाचे पिल्लू मात्र अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येते. हा फरक एकदा समोर दाखवला की पुढचे बोलणे सोपे होते. तरीही केवळ तोंडी सांगण्यावर भिस्त ठेवू नये. सशांच्या खरेदीची पावती, त्यात जात, संख्या आणि विकणाऱ्याचा पत्ता, आणि प्रत्येक प्रौढ सशाच्या कानावर गोंदलेला क्रमांक किंवा कानातला बिल्ला, एवढे तरी असलेच पाहिजे. गावातल्या कोणी शेतात सापडलेले पिल्लू 'तुमच्याकडे ठेवा' म्हणून आणून दिले, तर ते घेऊ नये आणि वनविभागाला कळवावे. दयेपोटी ठेवलेले असे एक पिल्लूही सगळ्या कळपाबद्दल संशय निर्माण करते.

नोंदणी, ना-हरकत आणि संख्येची मर्यादा

मांस विकणे हा अन्नव्यवसाय आहे, त्यामुळे अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम, 2006 च्या कलम 31 प्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो. 2011 च्या नोंदणी व परवाना नियमावलीत वर्षाची उलाढाल ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत असलेल्या लहान व्यावसायिकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, आणि कत्तलीच्या बाबतीत तिथे दिवसाला दोन मोठी जनावरे, दहा लहान जनावरे किंवा पन्नास कोंबड्या ही मर्यादा घातलेली आहे. अर्ज 'अ' नमुन्यात, फॉसकॉस या अन्न नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. ज्याला संगणकाची सवय नाही, त्याने सेतू केंद्रातून करून घ्यावा, पण अर्जात 'पाळीव सशाची कत्तल व ताज्या मांसाची किरकोळ विक्री' असे स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे की नाही, हे स्वतः वाचून पाहावे. केंद्रचालक घाईत नुसते 'मटण दुकान' लिहून मोकळा होतो आणि मग तपासणीच्या वेळी प्रश्न उभा राहतो. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातील अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला अर्जाआधीच एकदा प्रत्यक्ष भेटावे, ससा लहान जनावरांत मोजायचा हे लेखी विचारून घ्यावे आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी.

अर्ज केल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची सूचना द्यायची असते. नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते. हा मुद्दा मी मुद्दाम लिहीत आहे, कारण खेड्यातला माणूस 'साहेब नाही म्हणाले' एवढ्यावर परत फिरतो. कारण लेखी मागणे हा उद्धटपणा नाही.

ग्रामपंचायतीचे ना-हरकत प्रमाणपत्र याच्या बरोबरीने घ्यावे. हे पत्र नुसत्या सरपंचाच्या सहीवर न घेता विषय मासिक सभेत, शक्य असल्यास ग्रामसभेत ठेवावा. गावात मांस न खाणारी घरे असतात, वारकरी असतात, आणि त्यांच्या पाठीमागे घेतलेले पत्र पहिल्याच तक्रारीत अडचणीचे ठरते. जागा निवडताना मांसविक्रीचे दुकान प्रार्थनास्थळापासून किमान 50 मीटर दूर असावे, आणि ते प्रार्थनास्थळाच्या प्रवेशद्वारासमोर येत असेल तर 100 मीटर, हा अन्नसुरक्षेच्या परिशिष्ट 4 मधला दंडक पाळावा. लहान गावात मारुतीचे देऊळ, बुद्धविहार आणि दर्गा यांतून हे अंतर काढणे कठीण जाते, म्हणून फीत घेऊन आधी मोजावे आणि मगच भाडे ठरवावे. विक्रीच्या दुकानात कत्तल करता येत नाही, तेव्हा कापण्याची खोली आणि विकण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी धरूनच आराखडा करावा.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली 2001 साली झालेले कत्तलखाना नियमही वाचलेले असावेत. गाभण मादी, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली मादी आणि तीन महिन्यांच्या आतला प्राणी कापता येत नाही, एका प्राण्यासमोर दुसरा कापता येत नाही, आणि कत्तलीआधी पशुवैद्याने प्राणी योग्य असल्याचे प्रमाणित केलेले असावे लागते. नगरपालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर कत्तल चालत नाही. खेड्यातल्या पालकानेही प्राण्याबाबतच्या या अटी जशाच्या तशा पाळाव्यात, असे माझे ठाम मत आहे. इंग्रजी पुस्तकांतून घेतलेल्या वेळापत्रकांत ससा दहा आठवड्यांत बाजारात जातो. आपल्याकडे तो 90 दिवस पूर्ण झाल्यावरच जावा. म्हाताऱ्या मादीचा हिशोब तर फारच कमी लोक करतात: तिला कळपातून काढायचे असेल, तर शेवटच्या विणीनंतर तिला नराकडे न नेता तीन महिने रिकामी ठेवावी लागते, आणि त्या तीन महिन्यांचा चारा खर्चात धरावा लागतो.

दहा-बारा घरांनी प्रत्येकी स्वतःची खोली बांधण्यापेक्षा महिला बचतगटाने किंवा पालकांच्या गटाने एकच खोली उभारावी आणि नोंदणी गटाच्या नावाने घ्यावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तसे केल्यास दहाची मर्यादा त्या खोलीची, म्हणजे सगळ्यांची मिळून आहे, हे विसरू नये. कोणाची पाळी कोणत्या वारी, हे फळ्यावर लिहावे.

वर्षाचे गणित उन्हाळ्याकडून मांडावे

विदर्भात ससेपालनाचे वेळापत्रक मे महिना ठरवतो. सशाला घाम येत नाही. तो कानांतून आणि श्वासातून उष्णता बाहेर टाकतो, आणि हवा 30 ते 32 अंशांच्या वर गेली की त्याची ती ताकद अपुरी पडू लागते. आपल्याकडे अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर या भागांत पारा 45 च्या पुढे जातो. मादी दगावते ते डोळ्यांना दिसते, पण नराचे नुकसान दिसत नाही. कडक उन्हात नराचे बीज निकामी होते आणि नवे बीज तयार व्हायला उन्हाळा उतरल्यावरही सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या वर्षी पाऊस पडल्या पडल्या मी माद्या नराकडे नेल्या, सगळ्या लागल्यासारख्या वाटल्या, आणि बाराव्या-चौदाव्या दिवशी पोट चाचपून पाहिले तर दहांपैकी एकही गाभण नव्हती. मी माद्यांना दोष देत बसलो होतो, आणि खरे कारण नरांच्या अंगात होते.

म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून जोड लावावी आणि जानेवारीत थांबवावी. सशाची गर्भावस्था 30 ते 32 दिवसांची असते, पिल्ले पाच आठवड्यांनी आईपासून वेगळी करता येतात, आणि त्यानंतर मादी पुन्हा नराकडे न्यावी. या हिशोबाने एका मादीची तीन वेते बसतात: पहिले सप्टेंबरात, दुसरे नोव्हेंबरात, तिसरे जानेवारीच्या शेवटी. एका वेतातून पाच पिल्ले हाताशी लागली असे धरले, तर दहा माद्यांची वर्षाला दीडशे पिल्ले होतात. माद्या दोन-तीन तुकड्यांत, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने जोडल्या, तर विक्री डिसेंबरपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पसरते, म्हणजे आठवड्याला सहा-सात ससे. एवढी विक्री एक आठवडी बाजार आणि आजूबाजूची दोन-तीन गावे सहज पेलतात, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याआधी कोठ्यात फक्त प्रौढ जनावरे उरतात. याहून मोठी स्वप्ने पहिल्या दोन वर्षांत पाहू नयेत.

कोठा पूर्व-पश्चिम लांबीचा, कौलारू किंवा गवताने शाकारलेला, शक्यतो कडुनिंबाच्या सावलीत असावा. टिनाचे छप्पर असेल तर त्यावर पऱ्हाटीचा किंवा कडब्याचा जाड थर टाकावा. एप्रिलपासून दुपारी बाजूंना ओले गोणपाट किंवा वाळ्याचे पडदे सोडावेत, नरांचे पिंजरे सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावेत आणि तिथे कुलर लावता आला तर तो खर्च नरांसाठी करावा. एका प्रौढ सशाला अडीच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच पिंजरा पुरतो. तो जमिनीपासून तीन फूट वर असावा आणि त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असाव्यात, कारण नवजात पिल्लांना साप-मुंगसाइतकाच धोका मुंग्यांचा असतो. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे, नराला मादीच्या पिंजऱ्यात कधी सोडू नये. ती आपली जागा राखण्यासाठी त्याला फाडते. विणीचा खोका 27-28 व्या दिवशी ठेवावा. मादी पिल्लांना दिवसातून एकदाच, तीही बहुधा रात्री किंवा पहाटे पाजते, त्यामुळे दिवसा ती खोक्याकडे फिरकत नाही म्हणून घाबरून पिल्ले तिच्या अंगाखाली लोटू नयेत. पोट गच्च भरलेले आणि कातडीवर सुरकुती नसेल, तर पिल्लू पाजलेले आहे.

चारा आणि औषध, दोन्हींचा मटणाशी थेट संबंध आहे

बरबटी, लसूणघास, शेवरी, शेवगा, मका आणि हरभऱ्याचे किंवा तुरीचे कुटार, एवढ्यात सशाचे भागते. सोबत थोडा भरडा द्यावा. सुबाभूळ जास्त झाल्यास केस गळतात. सरकीची ढेप गाई-म्हशींना चालते म्हणून सशाला देऊ नये, तिच्यातला गॉसिपॉल सशाला बाधतो. पहाटे ससा स्वतःच्याच मऊ लेंड्या गुदद्वाराशी तोंड नेऊन खाताना दिसेल. तो आजार नाही, त्याच्या पचनाचा भाग आहे.

सगळ्यांत मोठी काळजी फवारणीची. कपाशीच्या आणि सोयाबीनच्या धुऱ्यावरचे हिरवेगार गवत पावसाळ्यात कापून आणण्याचा मोह होतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेच औषध गवतावर बसते, गवतातून सशात आणि सशातून ताटात जाते. सशांच्या चाऱ्यासाठी घराजवळ पाच-सात गुंठ्यांचा न फवारलेला तुकडा वेगळा राखता येत नसेल, तर हा व्यवसाय मांसासाठी करू नये.

आजारांत जुलाब आणि पोटफुगी आणणारा कोक्सिडिओसिस, कानातली खरूज आणि नाक वाहणारी सर्दी हे नेहमीचे. औषध पशुधन विकास अधिकाऱ्याच्या सल्ल्यानेच द्यावे. पेनिसिलीन गटातली औषधे तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि ससाही मरतो, त्यामुळे घरातल्या माणसांची उरलेली गोळी कुटून देण्याचा उपाय कधीच करू नये. औषधाची तारीख पिंजऱ्यावर लटकवलेल्या पत्र्यावर लिहावी, आणि पशुवैद्याने सांगितलेले थांबण्याचे दिवस पूर्ण होईपर्यंत तो ससा कत्तलीच्या यादीत घेऊ नये. गिऱ्हाईक हा पत्रा पाहणार नाही, पण तो आपल्याला पाहता आला पाहिजे.

कापण्याची खोली

दहा बाय बारा फुटांची खोली पुरते. जमीन आणि माणसाच्या उंचीपर्यंतच्या भिंती धुता येतील अशा फरशीच्या असाव्यात, उतार एका नालीकडे, खिडक्यांना माश्यांची जाळी, नळाला पिण्यायोग्य पाणी आणि त्या पाण्याचा प्रयोगशाळेतला तपासणी अहवाल. कापणाऱ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र दरवर्षी नवे करावे. लाकडी ओंडक्याच्या भेगांत रक्त साचते, त्याऐवजी टेबलाला स्टीलचा पत्रा मारावा. कुत्र्याला या खोलीच्या आसपास येऊ देऊ नये आणि त्याला कच्ची आतडी कधी घालू नयेत, कारण सशाच्या पोटात आढळणारे पट्टकृमीचे फोड कुत्र्याच्या विष्ठेतूनच चाऱ्यावर आणि परत सशात येतात.

आदल्या रात्रीपासून चारा बंद करावा, पाणी मात्र चालू ठेवावे. ससा पाठीवरच्या सैल कातडीने आणि खालून आधार देऊन उचलावा. कान धरून उचलल्यास तो तडफडतो, हाडे मोडतात आणि मांसात रक्त उतरते. त्याला वेगळ्या खोलीत आणून आधी एका घावात बेशुद्ध करावे, लगेच गळ्याची रक्तवाहिनी कापावी आणि मागच्या पायांवर टांगून रक्त पूर्ण निथळू द्यावे. जो हात हे काम करताना डगमगतो, त्याने ते आधी शिकून घ्यावे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेशी संपर्क साधून प्रात्यक्षिक पाहावे.

पोट उघडल्यावर पहिली नजर काळजावर, म्हणजे यकृतावर टाकावी. ते गडद तपकिरी, गुळगुळीत आणि एकसारखे असावे. त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे-पिवळट ठिपके दिसले, तर तो काळजातला कोक्सिडिओसिस आहे. ते काळीज टाकून द्यावे, बाकीच्या धडाबद्दल पशुवैद्याला विचारावे आणि त्या पिंजऱ्यातल्या सगळ्या पिल्लांचे उपचार त्याच दिवशी सुरू करावेत. पित्ताची पिशवी न फोडता काढावी, नाहीतर सगळे मांस कडू होते. दोन किलोच्या सशातून साधारण एक किलो सोललेले धड निघते, आणि दर ठरवताना हाच हिशोब धरावा. धड स्वच्छ पाण्याने धुऊन, निथळवून, 0 ते 4 अंशांत थंड करावे. त्याच सकाळी विकले जाणार असेल, तरी उघड्यावर टांगू नये.

विक्री, कचरा आणि वही

मटण पहाटे कापून दुपारपूर्वी संपेल, एवढ्याच मागण्या आदल्या दिवशी घ्याव्यात. बर्फाच्या पेटीत, अन्नासाठी योग्य अशा पिशवीत, वर कापल्याची तारीख, वजन आणि चौदा आकडी नोंदणी क्रमांक लिहून द्यावे. तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असावा. बोकडाचे आणि सशाचे मटण एकाच टेबलावर, एकाच सुरीने कापू नये, आणि सशाचे मटण बोकडाचे म्हणून खपवणाऱ्या हॉटेलवाल्याला ते देऊ नये, मग तो चार पैसे जास्त का देईना. सशाच्या मटणात चरबी फार कमी असते, त्यामुळे ते बोकडासारखे कोरडे परतले तर चामट होते. नव्या गिऱ्हाईकाला सांगावे की सावजी मसाल्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर शिजवावे.

आतडी, रक्त आणि डोकी यांसाठी विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर, खोल खड्डा घ्यावा. प्रत्येक थरावर चुना आणि माती टाकावी आणि वर जड झाकण ठेवावे. कातडी मीठ लावून सावलीत वाळवल्यास घेणारा मिळू शकतो, पण त्यावर उत्पन्न धरून बसू नये. लेंडीखत मात्र थेट भाजीपाल्याला घालता येते आणि तेच पहिल्या वर्षीचे खात्रीचे उत्पन्न आहे.

वहीत चार रकाने असले तरी पुरे: सशाचा क्रमांक, विणीची किंवा जन्माची तारीख, औषध, आणि कापल्याची तारीख व पशुवैद्याची सही. ही वही खोलीतच, खिळ्याला अडकवून ठेवावी, घरी कपाटात नको, कारण तपासणीला येणारा अधिकारी ती जागेवर मागतो. मे महिन्याच्या मध्यावर शेवटची पिल्ले गेली की रिकामे पिंजरे बाहेर काढून ब्लोलॅम्पच्या ज्योतीने जाळीवरचे केस आणि कोक्सिडिओसिसची अंडी जाळावीत, कोठ्याच्या जमिनीला चुना मारावा, माद्यांना विश्रांती द्यावी, आणि पुढच्या ऑगस्टसाठी कोणत्या मादीला ठेवायचे व कोणत्या मादीला रिकामी राखायचे, ते वहीत त्याच दिवशी लिहून टाकावे.